उंडीची तेवीस रोपं

९ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी टेलिफोन खात्याची, २००९ सालची. नोकरीत दर जानेवारीला एक मिळायची. मी कधी लिहिली नाही. वार जुळत नाहीत. छापलेला सोमवार खोडून मी वर रविवार लिहिला आहे.

रहिमाला जाऊन आज पन्नास दिवस झाले. चाळीसावा झाला, पाहुणे परत गेले. सप्टेंबरात तिचा रिपोर्ट आला आणि डिसेंबरात ती गेली. त्यामुळे मधले दिवस मला नीट आठवत नाहीत.

आफरीन दर रविवारी सीवूड्सहून डबा घेऊन येते. आज तिने अम्मीचं कपाट आवरलं. मी बाहेर बसून होतो. शेवटी तिने एक जाड वही माझ्या हातात दिली.

"अब्बा, ही अम्मीची आगराची वही. काय करू हिचं?"

"ठेव."

"तुमी वाचणार?"

मी म्हटलं, बघू.

आगर म्हणजे घणसोलीत आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, तळवलीच्या अंगाला, खाडीकाठी जे राखीव वन आहे ते. फाटकावरच्या पाटीवर राखीव वन लिहिलं आहे, सकाळी चालायला येणारे पार्क म्हणतात आणि गावातले लोक आगर म्हणतात, कारण तिथे पूर्वी मिठागर होतं. रहिमा शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिथे जायची. मी दोनदा गेलो असेन. दोन्ही वेळा तिची छत्री राहिली होती म्हणून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वही पाहिली. सुरुवातीची चार-पाच वर्षं उर्दूत आहेत. मी मराठी शाळेत शिकलेला. कुरआन अक्षर लावून वाचतो, पण हाताने लिहिलेलं उर्दू मला येत नाही. गेल्या सप्टेंबरपासूनची पानं मात्र मराठीत आहेत आणि अक्षर फार मोठं आहे. तिला कमी दिसायला लागलं असावं. मला बोलली नाही.

मजकूर असा: "उघाडीच्या फळ्या सात. खालची जड आहे, दोघांनी उचलावी. बूट घालावे, चप्पल नाही. टोपी घालावी. नाश्ता करूनच निघावं. गोटीरामदादा कमी ऐकतात, मोठ्याने बोलावं. शंका आली तर त्यांना विचारावं, आपल्या डोक्याने करू नये."

ती नेहमी डोक्यावरून ओढणी घ्यायची. तिच्याकडे टोपी नव्हतीच. शाळेतल्या मुलांना नेत असेल, त्यांच्यासाठी लिहिलं असेल.

मध्ये एका पानावर फक्त "उंडी २३" असं लिहून खाली रेघ मारली आहे. ते मला कळलं. श्रीवर्धनकडे तिच्या माहेरी कब्रस्तानात एक जुनी उंडी होती. तिच्या आईची कबर त्याच झाडाखाली आहे. निसर्ग वादळात ते झाड मुळासकट पडलं. रहिमा तेव्हा एसटीने गेली आणि पडलेल्या झाडाखालच्या गोल बिया रुमालात बांधून घेऊन आली. चार वर्षं आमच्या बाल्कनीत कुंड्याच कुंड्या होत्या. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून मी कुरकुर केली होती. गेल्या जुलैत तिने रोपं आगरात लावली. बाल्कनी रिकामी झाली तेव्हा मी बरं झालं म्हटलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आगरात जाऊन आलो. ऊन होतं म्हणून टोपी घातली.

फाटकाशी वनरक्षक आहे, उन्नती नावाची. नाव विचारून म्हणाली, "टीचरचे मिस्टर? या ना. दादा बांधावर आहेत."

गोटीरामदादा पंचाहत्तरीचे असतील. त्यांच्या आजोबांच्या वेळी इथे भात व्हायचं. वडिलांच्या वेळी मीठ. मग जमीन सरकारने घेतली, मीठ बंद झालं, आणि दहा-बारा वर्षं ट्रकवाले रात्रीचे येऊन पाडलेल्या बिल्डिंगांचं डेब्रिज टाकत होते. पूर्वेकडची टेकडी त्याचीच आहे. तिच्यावर आता करंजाची आणि भेंडीची झाडं वाढली आहेत आणि मुळांमधून कोणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स दिसतात. खाडीकडे तिवरं आपोआप आली. कुंपण घालून राखीव वन व्हायच्या आधीच वन झालेलं होतं, असं दादा म्हणतात.

उघाडी मी पहिल्यांदा नीट पाहिली. बांधाला एक दगडी तोंड आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा. खाचेत एकावर एक फळ्या सोडायच्या आणि फटीत चिखल भरायचा, की भरतीचं पाणी आत येत नाही. एरवी फळ्या काढलेल्या असतात, कारण आतल्या तिवरांना रोजचं पाणी लागतं. उधाणाचे चार-पाच दिवस तेवढ्या घालायच्या. नाहीतर पाणी चढून बांधाच्या आतल्या सखल पट्टीत जातं, आणि उंडी त्याच पट्टीत आहेत. मोठी उंडी खारं सोसते, लहान रोप सोसत नाही.

रोपं माझ्या कमरेएवढी आहेत. पानं जाड, चकचकीत. मोजली, तेवीस.

दादांच्या पत्नी मालतीबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. त्यांचा उपास होता, आम्हाला दोघांनाच ओतला. मी काही बोलत नाही हे बघून म्हणाल्या, "टीचर बोलायची, आमचे घरान टेलिफोन हाय, पन तो वाजत नाय."

दादांना उशिरा ऐकू आलं, मग ते बराच वेळ हसत होते. मीही हसलो असेन.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दादांनी फळ्या घातल्या. मी चिखल दिला. खालची फळी दोघांनी उचलली.

वहीत फळ्यांच्या पुढे कुठेही वार-तारीख नाही, फक्त "१३" लिहिलं आहे. इंग्रजी तारीख नव्हे हे उघड आहे, कारण भरती चंद्रावर चालते. रहिमा सगळं चांदावर मोजायची. दूधवाल्याचा खाडासुद्धा. म्हणजे चांदाची तेरा, पौर्णिमेच्या आसपास. मात्र दर महिन्याला तिने १३ दोनदा लिहिलं आहे. दुसरं आठवणीसाठी असेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची तिची सवय होती. आज तर चांद सत्ताविसावा आहे, तरी दादांनी फळ्या का घातल्या ते मी विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. सहरीला उठलो, पण तिच्याशिवाय काय खायचं ते सुचलं नाही. केळं खाल्लं.

आफरीन म्हणते, रमजानभर आमच्याकडे या. मी म्हटलं, आगरात काम आहे. ती म्हणाली, "अम्मीपन हेच सांगायची."

९ मार्च, रविवार

गोटीरामदादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या आहे. आठवडाभर वाकायचं नाही, धूळ-पाणी नाही. त्यातच गावात होळी, आणि हितेश, त्यांचा मुलगा, होळीच्या तयारीत. दादा म्हणाले, "कासिमभाय, या टायमाला फल्या तुमी घाला. हितेसला पाठवू काय जोडीला?"

मी म्हटलं, नको, जमेल.

"तेराला. इसरू नका."

"नाही विसरणार."

विसरण्याचा प्रश्नच नाही. रमजानमध्ये कितवा चांद ते लहान पोरालाही माहीत असतं. मला बरं वाटलं. तिच्या जागी मला कोणी काही सोपवलं.

१२ मार्च, बुधवार

अकरावा रोजा. आगरात जाऊन फळ्या पाहून आलो. सातही सावलीत रचून ठेवल्या आहेत. चिखल जवळ ओढून ठेवला. खालची फळी एकट्याने कशी न्यायची याचा विचार केला, दोरी लावून जमेल. मासे पकडणारे निळे खंड्या दोन दिसले. पाणी नेहमीपेक्षा वर वाटलं, पण अजून दोन दिवस आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं लिहितो.

फजरच्या नमाजनंतर लगेच निघालो. सातला आगरात पोचलो. ओहोटी होती. उघाडीतून पाणी बाहेर पडत होतं, आतून बाहेर, आणि ते आत कुठून आलं हे समजायला मला वेळ लागला. पट्टीत गेलो. पाणी रात्रीच येऊन गेलं होतं. रोपांना अर्ध्यापर्यंत चिखल लागला होता, पानांवर पांढरे ठिपके सुकत होते. मुळाशी डबकी साचली होती. एक निवटी मासा डबक्यात उड्या मारत होता.

मी फळ्या घातल्या. दुपारची भरती तरी अडेल. दोरीने हात कापला. शेवटची फळी बसल्यावर कळलं की आतलं पाणी आता आतच राहणार. मग बांधावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही.

उन्नतीने फोन केला असावा. दादा काळा चष्मा लावून हितेशच्या टेम्पोतून आले. मालतीबाईंच्या कपाळाला, केसांना गुलाल होता, धुळवड सोडून आल्या होत्या.

दादांनी फळ्यांना हात लावून पाहिला. "चिखल ओला हाय. कवा घातल्या?"

"आज सकाळी."

"आज? तेरस तं परवा झाली. आज पुनव हाय."

"आज तेरावा रोजा," मी म्हटलं.

"काय?"

"आज तेरावा रोजा आहे." मोठ्याने सांगावं लागलं. टेम्पोतून उतरलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

दादांनी बोटांवर मोजलं. "तुमचा पयला रोजा, तवा आमची तीज व्हती. तुमचा एक तो आमचा तीन. म्हंजे तुमची तेरा ती आमची पुनव." आणि म्हणाले, "टीचरनी ती वही माज्यासंगती बसून लिवली. तितीवर. बोलली, हितं दर्यावर तुमचाच हिसाब चालू दे."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात तिने एकदाही तिथी काढली नव्हती.

मालतीबाई म्हणाल्या, "इंग्रजी तारीख धरली असती तरी वाचला असता. काल तेराच व्हती."

"गप गो," दादा म्हणाले.

"मी का खोटा बोलतंय?"

"वहीन 'इचारा' असा नाय लिवला टीचरनी?" दादांनी मला विचारलं.

"लिहिलं होतं."

"मंग?"

"शंका आली नाही," मी म्हटलं.

दादांनी चपला काढल्या. हितेश ओरडला, "बाबा, डॉक्टर बोलला हाय!" पण ते पट्टीत उतरले, वाकले मात्र नाहीत. काठीने ओळ दाखवत गेले आणि हितेश त्यावर फावडं मारत गेला. डबक्यातलं पाणी एका चराने खालच्या खड्ड्याकडे काढलं. मग गोडं पाणी हवं होतं. खाऱ्या भाताचं शेत असंच धुवायचे, दादा म्हणाले, खारं उतरेपर्यंत गोडं ओतायचं. टँकरला सुट्टी होती. हितेशचा टेम्पो एपीएमसीला भाजी नेतो, त्यात निळे ड्रम होते. गावच्या विहिरीवरून तीन खेपा झाल्या. रंगलेले लोक मिळून बादल्या देत होते. हातांचा रंग बादल्यांत उतरत होता. मी मालतीबाईंना म्हटलं, रंगाने रोपांना काही होईल का. त्या म्हणाल्या, "मिठापेक्षा बरा. आनि तुमी सावलीन बसा, तोंड बघा कसा झालाय. बसून मोजा, कोनत्या झाडाला किती बादल्या झाल्या ते."

मी बसलो नाही, पण मोजल्या. प्रत्येकी नऊ.

जुम्म्याची नमाज चुकली. संध्याकाळी बांधावरच रोजा सोडला. मालतीबाईंनी पदराच्या गाठीतून खजूर काढले. मला आश्चर्य वाटलं तर म्हणाल्या, "टीचर दर साली एक रोजा हितंच सोडायची. आमाला माहीत हाय काय लागतं ते."

दर रमजानमध्ये एकदा तिला घरी यायला उशीर व्हायचा. रिक्षा मिळाली नाही म्हणायची. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारणं म्हणजे संशय घेणं.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा पाणी घातलं. दादा घरीच. डोळा लाल झाला म्हणून डॉक्टर रागावले. मी भेटायला गेलो आणि माफी मागितली. दोनदा मागावी लागली, पहिल्यांदा ऐकू गेली नाही.

ते म्हणाले, "माज्या बापानं एक साल उघाडी उघडीच ठेवली. लगीन व्हता कोनाचा तरी, ताडी पिऊन झोपला. अख्ख्या सालाचा मीठ दर्यात गेला. आयेनं त्याला आठ दिस भाजीन मीठ घातला नाय."

"मग?"

"मंग काय. नवव्या दिसाला घातला."

१७ मार्च, सोमवार

सहा रोपांची पानं गळाली. बाकीच्यांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. उन्नती म्हणाली, "काका, दुसरी उंडी आणू ना. रोपवाटिकेत मिळते." चांगल्या मनाने म्हणाली. मी त्या झाडाचं तिला सांगितलं. कब्रस्तान, वादळ, रुमाल, सगळं. एवढं सलग मी कोणाशी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. तिने पुन्हा नवीन रोपांचं काढलं नाही. तेव्हापासून येता-जाता पट्टीत एक चक्कर मारते.

२१ मार्च, शुक्रवार

आता फक्त तीन रोपांवर पानं आहेत.

आफरीन आगरात आली. पहिल्यांदाच. तिला आधी फोनवर सांगितलं होतं की माझ्या चुकीने अम्मीची झाडं गेली. ती रोपांमधून चालत गेली, एकेका काठीला हात लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अब्बा, तुमी टोपी घालता?"

"वहीत लिहिलं आहे."

ती मला सोडून उघाडीकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी होती. डोळे पुसत असावी. झाडांचं वाईट वाटलं असेल.

२४ मार्च, सोमवार

मालतीबाईंनी अंगठ्याच्या नखाने एका काठीची साल जरा खरवडली. खाली हिरवं. दुसरीच्या खाली तपकिरी. मग तेवीसच्या तेवीस पाहिली. त्या नख लावायच्या आणि नुसतं "हाय" किंवा "नाय" म्हणायच्या, मी वहीत लिहायचो. रहिमाच्या वहीत लिहायला सुरुवातीला हात होईना, पण दुसरा कागद नव्हता.

हाय चौदा. नाय नऊ.

बांधाला लागून जी सगळ्यात खाली आहेत ती गेली. नऊ काठ्या उपटायला त्यांनी हात घातला तेव्हा मी नको म्हटलं. "राहू द्या, पावसाळ्यापर्यंत."

"मेलेला फुटत नाय, कासिमभाय."

"माहीत आहे."

त्यांनी हात काढून घेतला. "ठेवा. कोनाला जड झालीत."

२६ मार्च, बुधवार

चौदापैकी दोघांना शेंड्यावर टोक आलं आहे. तांदळाएवढं, लालसर. मी चष्मा काढून, घालून, दोन्ही तऱ्हेने पाहिलं.

ईद सोमवारी होईल, चांद दिसला तर. शीरखुर्मा यंदा कोण करणार म्हणून आफरीनने विचारलं. ती करणार आहे, एक डबा जादा. गोटीरामदादांकडे दर ईदला एक डबा जायचा असं मालतीबाईंनी मला आपणहून सांगितलं, आणि सुकामेवा जरा जास्त असायचा हेही.

घरी येऊन वहीत नवीन पान काढलं. एका बाजूला चांद, एका बाजूला तिथी, मध्ये तारीख. तीन रकाने, सबंध वर्षाचे. नकाशे काढायचं काम मी खात्यात तीस वर्षं केलं, तेवढं मला येतं. अक्षर मोठं काढलं, कारण दादांचा दुसरा डोळा अजून व्हायचा आहे आणि त्यांनाही वाचता आलं पाहिजे. मोठं अक्षर काढायला फार वेळ लागतो. दोन पानांत हात भरून आला. तिने त्या आजारात पंधरा पानं कशी लिहिली असतील कोण जाणे.

रकान्यांप्रमाणे आज पंचविसावा चांद, वद्य बारा. म्हणजे फळ्या उद्या सकाळी. कॅलेंडरशी दोनदा ताडून पाहिलं. बरोबर आहे.

मग दादांना फोन लावला. आपण होऊन मी कोणाला फोन लावत नाही. मालतीबाईंनी उचलला आणि लांब धरून ओरडल्या, "अवो, टेलिफोन वाजला!"

दादा आले. मी मोठ्याने विचारलं, "उद्या तेरस ना?"

"हो, उद्याच. कनाला इचारता, शंका आली काय?"

"नाही."

"मंग?"

"विचारलं," मी म्हटलं.